तहेमेतची हेकेत

एका राज्यात वाळूतून एक महानदी वाहत होती, आणि तिच्या काठी घरोघरी हेकेत नावाची सातूची मदिरा होत होती. अर्धकच्च्या भाकरी पाण्यात कुस्कराव्या, खजुराचा रस घालावा, मडक्यात आंबू द्यावे आणि गाळून प्यावे. धडधाकटांचे ते पेय होते, दुखणाइतांचे औषध. तापावरची कडू मुळी वैद्य हेकेतमध्येच उगाळून देत. दुसऱ्या कशात तिचा गुण उतरत नसे.

तापाची साथ आली, तसे राजा सेनबूने सारे रांजण तळघरात नेऊन मोहोरबंद केले. "पुढे मलाच लागली तर?" असे तो म्हणाला. उजाहोर नावाचा जादूगार आजारी बायकोला घेऊन तिच्यासाठी पेलाभर हेकेत मागायला आला. त्याला दारात तिष्ठत ठेवले गेले, आणि बायको तिथेच मेली. उजाहोरने शाप दिला, "या राज्यात आता काहीही आंबणार नाही. ते रांजण जो उघडेल, त्याची माती होईल."

तसेच झाले. भाकरीचे भिजवलेले पीठ न फुगता दगडासारखे पडून राहू लागले. माणसे मरू लागली.

राजवाड्यासाठी हेकेत करणारी तहेमेत विधवा होती. तिची एकुलती लेक इतेत तापाने फणफणली, तेव्हा ती शापावर उपाय मागायला राजाकडे गेली.

राजा म्हणाला, "विचार चालू आहे."

ती पुन्हा गेली.

राजा म्हणाला, "मुहूर्त पाहतो आहोत."

"बसा पाहत," म्हणून तहेमेत तडक वाळवंटात निघाली.

वाटेत लांब, बाकदार चोचीचा एक भलामोठा शराटी पक्षी भेटला. "बाई, उजाहोरची गुहा मी दाखवीन. आधी माझ्या चोचीची स्तुती कर."

"सुंदर आहे. चल."

"किती सुंदर?"

"नदीच्या वळणासारखी! आता निघतोस का?"

पक्षी प्रसन्न झाला आणि पुढे उडाला.

गुहेत तिने शाप मागे घ्यायला सांगितले, तसा उजाहोर म्हणाला, "आधी तीन कामे कर. मगरीच्या पाठीवर साचलेले पाणी आण. दगडी विंचवांच्या शेतातला सातू आण. तिसरे मग सांगेन."

मगर म्हणाली, "मी तुला खाईन."

"खा, पण लवकर. मला उशीर होतो आहे."

असे तिच्याशी कोणी कधी बोलले नव्हते. मगर गोंधळून निश्चल राहिली, आणि तहेमेतने तिच्या पाठीवरचे पाणी मडक्यात भरून घेतले. विंचवांच्या शेतावर शराटीने तिला पंजात धरून अधांतरी नेले. तिने वरूनच कणसे खुडली. तेवढा वेळ तिला त्याच्या पंखांचीही स्तुती करावी लागली.

मग उजाहोर म्हणाला, "तिसरे काम. राजाने स्वतःच्या हातांनी सारे रांजण उघडावे."

तहेमेत संतापली. "हे आधी सांगायला काय झाले होते?"

"राजाच्या दारात मी गप्प उभा राहिलो," उजाहोर खालच्या आवाजात म्हणाला. "तूही तशीच गप्प राहतेस का, ते पाहायचे होते."

ती परतली आणि थेट राजापुढे उभी राहिली. "सारे रांजण तुम्ही स्वतःच्या हातांनी उघडा," ती म्हणाली.

"माझी माती होईल," राजा म्हणाला.

"महाराज, राज्याची माती झालीच आहे! ते रांजण कोणासाठी राखता आहात? प्यायला उरणार कोण?"

राजा तळघरात उतरला. पहिली मोहोर फोडताच त्याची बोटे मातीची झाली. तो किंचाळला.

"पुढचा," तहेमेत म्हणाली.

माती कोपरापर्यंत चढली, मग खांद्यांपर्यंत. हात निकामी झाले, तेव्हा शेवटची मोहोर त्याने कपाळ आपटून फोडली. त्याबरोबर रांजणांच्या तळाचा गाळ फसफसला, आणि राजाच्या अंगावरची माती ढेकळांनी गळून पडली. शाप सुटला. आणलेल्या सातूच्या भाकरी झाल्या, त्या मगरीच्या पाठीवरून आणलेल्या पाण्यात कुस्करल्या, त्यावर तो गाळ विरजणासारखा घातला, आणि नवी हेकेत आंबू लागली.

जुन्या रांजणांतली हेकेत राजा स्वतः दारात बसून वाटू लागला. पहिला पेला त्याने शाप सुटताच तिथे आलेल्या उजाहोरपुढे धरला. "हा तुमच्या पत्नीचा." उजाहोरने तो घेतला आणि जिथे ती पडली होती, तिथल्या वाळूत ओतला. मग तो वैद्यांजवळ मुळी उगाळायला बसला.

इतेतने औषध घेतले आणि डोळे गच्च मिटले. "शी! आई, किती कडू आहे गं!"

साऱ्या जगाच्या कुरकुरीला विटलेली तहेमेत ही कुरकुर ऐकून लेकीच्या उशाशी येऊन बसली. "पुन्हा म्हण," ती म्हणाली.

ज्यांच्या घरी कोणी तापाने तळमळत असेल, त्यांना त्यांचा पेला वेळेवर मिळो.