तळ्यावर उगवलेलं कुरण

"ऐकलंस का गं? तळ्यानं म्हणे आपल्या शालिकला..."

रांगेतल्या एका बाईचं एवढंच बोलणं झालं आणि पिठाच्या गिरणीचा पट्टा घरघरत सुरू झाला. पुढचे शब्द पिठाच्या धुरळ्यात बुडाले. दळणाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या इंदुमतीबाईंनी तो तिथंच खाली टाकला. का टाकला, ते कळायला जरा मागे जायला हवं.

विदर्भातलं ते तळ्याकाठचं गाव. तळ्यात शालिक ढीवर, म्हणजे तळ्यावर पोट भरणारा कोळी, शिंगाडा लावायचा. नवरात्रात साऱ्या गावाचे उपास त्या शिंगाड्यावर निघायचे आणि शालिकच्या घरची चूल वर्षभर त्यावरच पेटायची. तळ्यात काहीही सोडायचं तर आधी ढीवराला विचारायचं, ही गावाची जुनी रीत.

इंदुमतीबाई म्हणजे धान्याच्या व्यापाऱ्याची बायको. मनानं चांगली, पण कौतुकाची भारी हौस. आता ती कुणाला नसते म्हणा! चैत्रात त्यांनी शहरातून पाण्यावर तरंगणारं एक रोप आणलं. फुगीर देठ, वर जांभळी फुलं. बघत राहावं असं. कुणाला न विचारता त्यांनी ते घाटाशी पाण्यात सोडलं. म्हणाल्या, "फुलाला कसली आलीये परवानगी?"

बघता बघता एकाची कितीतरी रोपं झाली. बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "नर्सरीवाला म्हणालाच होता, हे रोप बर्जन होतं!"

बर्जन म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. शाळेतल्या डोंगरवार सरांनी सांगितलं, "इंग्रजी क्रियापद आहे ते. अंकुर फुटणं हा मूळ अर्थ. आता भराभर वाढणाऱ्या कशालाही लावतात. धंदा बर्जन होतो, शहर बर्जन होतं."

झालं! गावाला शब्द भारीच आवडला. कुणाच्या कोंबड्या बर्जन झाल्या, तर कुणाच्या जावयाचं पोट. सरपंचांनी ग्रामसभेत "आपलं गाव बर्जन होत आहे" म्हणून टाळ्याही घेतल्या.

एकटा शालिक घाटावर येऊन हात जोडून म्हणाला, "बाई, टोपलीत मावते तवर उपडून टाकू का? हे माह्या शिंगाड्याचं ऊन खाते."

चारचौघं बघत होती. आपण आणलेलं रोप असं उपटून टाकायचं? बाईंना ते जड गेलं. "काय रे शालिक, तुझ्या शिंगाड्याला कुणी इंग्रजी शब्द दिला नाही म्हणून जळतोस होय?"

सगळे खो खो हसले. शालिक मान खाली घालून गेला.

पुढे बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. मागे शालिक रोज एका कडेनं रोपं उपडायचा, तोवर दुसरी कड भरून यायची. व्यापाऱ्याच्या घरचं फूल, त्याला हात लावायला दुसरं कुणी धजेना.

बाई परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी गिरणीवर हे! दळण तिथंच टाकून त्या अनवाणी तळ्याकडे धावल्या. घाटावर पोचल्या आणि पाय दगडाला चिकटले.

देवा रे! तळंच नव्हतं!

या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं हिरवं कुरण, वर जांभळी फुलं. ओंजळभर पाणी दिसेना. त्या हिरवळीत शालिकचा डोंगा, त्याची ती लहानशी होडी, पालथा पडलेला.

"शालिक!" बाईंनी हंबरडा फोडला.

"जिता हाव बाई," बाभळीखालून खोकत आवाज आला. शालिक चिखलानं माखून बसला होता. त्याची बायको, नर्मदा, त्याच्या पायांत गुंतलेल्या मुळ्या सोडवत होती. "डोंगा उलटला. हिनं लुगडं फेकलं म्हणून निंघालो. शिंगाडे गेले पण. सारे सडले खाली."

जमलेल्यांत कुणीतरी पुटपुटलं, "तळ्याचा कोप झाला बाप्पा, दुसरं काय!"

बाईंना गप्प राहता आलं असतं. कोपाला कोण जाब विचारतो? पण त्या मोठ्यानं म्हणाल्या, "कोप नाही, माझी हौस आहे ही. शालिकनं हात जोडले होते, मी त्याला हसले." पदर खोचून त्या गुडघाभर चिखलात उतरल्या आणि रोपं उपटू लागल्या.

त्यांच्यामागून डोंगरवार सर उतरले. "मी अर्थ सांगितला," ते म्हणाले, "पण काय वाढतंय ते बघायला कधी वाकलो नाही." मग एकेक करत हसलेले सगळेच उतरले.

त्या नवरात्रात गावानं नुसती भगर खाल्ली. पाणी हळूहळू दिसू लागलं, पण शालिकच्या चुलीचं ते वर्ष काही परत आलं नाही. तळ्यानं शालिकला गिळलं, ही गिरणीवरची अफवा निम्मीच खोटी होती.

तात्पर्य एवढंच: काही भराभर वाढतंय म्हणून टाळी वाजवायच्या आधी ते कुणाच्या वाट्याचं ऊन खाऊन वाढतंय, हे विचारावं, आणि ज्याचं ऊन जातंय तो सांगायला आला, तर त्याला हसू नये.