रोपांची तपासणी

डोंगर अजून हिरवे व्हायला शिकत होते, तेव्हाची गोष्ट. समुद्रापलीकडच्या पाखरांनी पोटाला चिमटा काढून एका उजाड टेकडीवरच्या साळुंक्यांसाठी उंबराची रोपं पाठवली. त्यांचं चीज होतंय का, हे पाहायचं काम आम्हा करकोच्यांकडे, म्हणजे माझ्या पणजोबांकडे आलं. मी थेट त्यांच्यावर गेलोय, असं घरात सगळे म्हणतात.

पणजोबा रोज सकाळी प्रत्येक रोप चोचीनं उपटायचे, मुळं निरखून पाहायचे आणि रोप पुन्हा जागच्या जागी नीट खोचून ठेवायचे.

"अहो पाहुणे, त्यांना मातीत राहू द्या ना," म्हातारी साळुंकी काकुळतीला आली. "इथं सावली झाली नाही, तर आम्हाला टेकडी सोडावी लागेल."

"बाई, मुळं बघितल्याशिवाय मदत वाया जातेय की नाही, हे कळणार कसं?"

थोड्याच दिवसांत सगळी रोपं वाळली. पणजोबांनी कळवलं, "मदत वाया गेली. पुढची पाठवू नका." साळुंक्या पिल्लं घेऊन निघून गेल्या.

इतकं अचूक निदान केल्याबद्दल समुद्रापलीकडे पणजोबांचा सत्कार झाला. आता ते काम माझ्याकडे आलंय. उद्या दुसऱ्या टेकडीवर निघायचंय. चोच घासूनपुसून तयार आहे.