तिवाट्यावरची मोहरी

फार वर्षांपूर्वी गारखोऱ्यात गोजाई नावाची म्हातारी झाडपाल्याचं औषध द्यायची. हाताला गुण होता आणि तोंड फटकळ. लेकाच्या लग्नाला कैक वर्षं लोटली, तेव्हा कुठे सुनेला, पारूला, दिवस गेले. एकदा नातू मांडीवर घ्यायचा, मग खुशाल मरायचं, असं गोजाई येता-जाता सांगायची.

त्या गावाची एक रीत होती. पोराची दृष्ट काढली की मीठ-मोहरी चुलीत टाकायची नाही, गावाबाहेरच्या तिवाट्यावर फेकायची. फेकता फेकता तिथं काळ्या मोहरीचं रान माजलं. पण तिच्या शेंगेला कुणी हात लावत नसे. गावभरच्या पोरांची इडापिडा तिच्यात आहे, तोडील त्याच्या घरी ती जाईल, अशी सगळ्यांना धास्ती.

एका पौषात गावावर छातीचा ताप आला. लेकरं धापा टाकू लागली. मोहरी वाटून छातीला लेप द्यावा, हे गोजाईला ठाऊक होतं. पण आया घाबरून नुसती दृष्टच काढत होत्या.

"अगं बायांनो, फेकू नका, मला द्या!" गोजाई दारोदार ओरडत फिरली. कुणी ऐकलं नाही. पुढं लेकरं दगावायला लागली, तेव्हा बायका रडत तिच्याकडे आल्या. तोवर एकाही घरात मोहरीचा दाणा उरला नव्हता.

गोजाईनं सुनेच्या पोटाकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं, असं म्हणतात. मग तिनं विळा उचलला.

पारू आडवी आली. "आत्या, नगा जाऊ. माज्या लेकराला काय झालं तर?"

"म्हनून तर घर सोडून चालले. आजपासून मी तुमची कुनी न्हाई. इडापिडा हुडकत आली, तर माज्यापाशीच थांबंल."

तिनं उंबऱ्यावर पाणी सोडलं आणि तिवाट्यावर जाऊन शेंगा कापल्या, मळल्या. दिवसभर आया येऊन मोहरी नेत होत्या, तरी सूप रिकामं झालं नाही, असं म्हणतात. गावाचा ताप उतरला.

गोजाई तिथंच खोप घालून राहिली. पारूला मुलगा झाला. ओली बाळंतीण त्याला घेऊन तिवाट्याशी आली. गोजाईनं पाठ फिरवली. नातवावर आपली नजरही पडू नये, एवढाच तिला घोर. ती पाठमोरीच रडली.

पुढच्या पौषात खोपीत कुणी नव्हतं. तिथं पुरुषभर उंच मोहरी फुलली होती. वारा पडलेला होता, तरी आई मांडी हलवते तशी ती हलत होती, असं म्हणतात.

अजूनही मोहरी फुलली की गारखोऱ्यात वर्षभरात जन्मलेली लेकरं तिवाट्यावर नेतात. आई लेकराला मोहरीत निजवते आणि पाठ फिरवून उभी राहते. लेकरू रडलं तरी वळून बघायचं नाही. ते गप्प झालं की समजायचं, आजीनं त्याला मांडीवर घेतलं.