मुळे कापलेली पिसे

पिसांची मुळे सुरीने कापलेली होती. एवढीशीच गोष्ट, पण ती पाहून वासुलेच्या मनात पाल चुकचुकली.

हे फार पूर्वीचे. त्या काळी कुंभवती नगरीत अरिजित राजा राज्य करीत होता आणि बोधिसत्त्व नदीकाठच्या वेळूच्या रानात रानकोंबडा होऊन जन्मास आले होते. मेण वितळून थेंब पडावेत तसे पिवळे ठिपके त्यांच्या मानेच्या पिसांवर होते. राजाला गळाने मासे धरण्याचा नाद. असे पीस रेशमाच्या दोऱ्याने गळावर बांधले की त्याची माशी होते. ती पाण्यावर तरंगते आणि मोठा मासा फसून तिच्यावर झेप घेतो. या माश्यांसाठी पिसे पुरवणे हे रानालगतच्या एका गावाचे काम होते.

गावाची रीत जुनी होती आणि चांगली होती. पावसाळ्यात कोंबडे पिसे टाकतात, तीच वेचायची. आपोआप गळलेल्या पिसाचे मूळ तांदळाच्या कणीसारखे कोरडे, पांढरे, मिटलेले असते. ‘आधी मूळ दाखव, मग पीस दे,’ असे तिथले लहान मूलही म्हणे. मग ती पिसे रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची (उन्हाने रंग उडतो), आणि कडुनिंबाचा पाला व वेखंडाचा तुकडा घालून वेळूच्या नळ्यांत मेणाने बंद करायची. कोठारातले हे सारे काम वासुलेकडे होते. मुलगी हुशार, शिकलेली, पण भारी भित्री. भांडे पडले तरी दचकायची.

कोठाराचा प्रमुख कुंडक हा तिचा मामा. ती त्याच्याकडे गेली.

“मामा, या पिसांना मुळं नाहीत.”

“मग? पेरायची आहेत का तुला? माशी बांधताना कापतातच. आम्ही आधी कापली.”

“पण आपली रीत...”

“रीत! उत्सवाला पाहुणे राजे यायचेत. हजार माश्या हव्यात. रानात वेचून होतील हजार? आपण दिल्या तर काठची काळी जमीन गावाला मिळणार आहे. तू आपली पिसं धू.”

वासुलेने पिसे धुतली. आठ दिवसांनी एका नळीत कसर, म्हणजे पिसे खाणारी कीड, झाली. वेखंड घातलेले असताना कसर कशी? ती एकेक पीस उलटू लागली. एकाचे मूळ कापायचे राहून गेले होते. त्याला वाळलेले रक्त होते आणि कातडीचा कण होता. कीड पिसाला आलीच नव्हती, ती आली होती मांसाला.

ती पीस घेऊन गावातल्या वडीलधाऱ्या सोमिलाकडे धावली. त्याने पिसाकडे पाहिलेसुद्धा नाही. “अगं, शेळी शिंकली तरी तू उडतेस. जा घरी.”

त्याची बायको रेवा दारात सुपाने धान्य पाखडत होती. ती हळूच म्हणाली, “पोरी, जमीन येऊ दे. मग बोल काय बोलायचं ते.”

म्हणजे साऱ्यांना ठाऊक होते!

कोठारामागच्या झुडपांच्या जाळीत वासुलेला वेळूचे एक लांबलचक खुराडे सापडले. आत चाळीस कोंबडे होते, जिवंत. एकूणएक मान उघडी, लाल. नवी पिसे फुटली की पुन्हा उपटायची, म्हणून दाणापाणी मात्र वेळच्या वेळी ठेवलेले. वासुलेला भीती वाटली, नेहमीच वाटायची; पण आज भीतीहून मोठे काही छातीत उसळले. हीच पिसे आपण धुतली. सुंदर आहेत म्हणून उजेडात धरून पाहिली! तिने दाराचा आडणा ओढून काढला.

कोंबडे बाहेर पडू लागले. एक मात्र दाराशी उभा राहून लंगड्यांना, दुबळ्यांना पुढे घालीत होता. तेच बोधिसत्त्व.

“जा ना रे, तूही जा,” ती रडत म्हणाली.

“शेवटचा गेला की जाईन,” ते मनुष्यवाणीने म्हणाले. वासुला दचकली, पण जागची हलली नाही.

शेवटचा कोंबडा निघाला आणि कुंडक आला. बोधिसत्त्व त्याच्या पायांमधून निसटले. कुंडकाने भाचीला आत ढकलले आणि आडणा घातला. “पाखरांची फार कणव येते ना? बस त्यांच्या जागी. राजा नदीवर आलाय. तो परत जाईपर्यंत इथेच.”

वेळूच्या फटीतून तिला दिसले, सारे कोंबडे रानात शिरले होते. बोधिसत्त्वही रानाच्या कडेला पोचले. तिथे ते थांबले. त्यांनी एकदा वळून खुराड्याकडे पाहिले, आणि ते उडाले ते नदीच्या दिशेने, जिथे राजाचे धनुर्धारी उभे होते.

“अरे, तिकडे नको!” ती किंचाळली.

मग ती हाका मारू लागली. “सोमिलकाका! रेवाकाकी!” गाव हाकेच्या अंतरावर होते. पावले जवळ आली, थबकली, परत गेली. कुणीतरी दार लावून घेतले.

“तुम्हाला ऐकू येतंय! मला ठाऊक आहे, ऐकू येतंय! त्या जमिनीतलं धान्य घशाखाली उतरेल तुमच्या? लाज नाही वाटत?” तिचा घसा बसला. “अरे, कुणीतरी ओ द्या!”

“ओ,” बाहेरून उत्तर आले.

आडण्यावर बोधिसत्त्व बसले होते. मान उघडी, पंखात बाण रुतलेला. आणि त्यांनी बोलावून आणलेला राजा अरिजित त्यांच्यामागून अनवाणी धावत येत होता.

विहारातल्या भिक्खूंना इतके सांगून शास्ते भगवान थांबले. मग म्हणाले, “भिक्खूहो, तो कुंडक म्हणजे आज विहाराला मोरपिसांचे पंखे देऊन गेलेला श्रेष्ठी. पिसे जिवंत मोरांची उपटली आहेत असे सकाळी जी सांगत होती आणि भित्री म्हणून जिला तुम्ही हसलात, ती ही भिक्खुणी तेव्हा वासुला होती. अरिजित म्हणजे तिचे ऐकून आपला पंखा खाली ठेवणारा तो एकटा वृद्ध थेर, तुमच्यातला ज्येष्ठ भिक्खू. रानकोंबडा मी होतो. आणि दारे लावून बसलेले ते गाव?” त्यांनी सभेवरून दृष्टी फिरवली. “ते तुम्ही.”

पंखे हलायचे थांबले.

स्वतःची सुटका झाल्यावरही मागे अडकलेल्यासाठी माघारी वळावे, ही त्या जन्मातली बोधिसत्त्वांची करुणा.