ज्वारीत मध कुठंय?

पुन्हा सांगा म्हणे! सांगून सांगून तोंड दुखलं माझं. ज्याची ही गोष्ट, त्यानं माझी माफी अजून मागितलेली नाही. त्याचं नाव शेवटाला सांगतो. मधे बोलायचं नाही.

“ज्वारीत मध कुठंय, बाबा? सांगा की!”

मदारशा फकिराच्या तकियात, म्हणजे बाबांच्या मठीत, त्यांचा चेला तावातावानं विचारत होता. मधमाशा पाळायला बाबांनीच शिकवलेलं. मग शहरात पंधरा दिवसांचं शिबिर करून आला न् डोक्यात हवा गेली.

त्याच्या आठ पेट्या शेजारच्या ज्वारीच्या बांधावर होत्या. तीन रिकाम्या झाल्या. उरलेल्या पाच सूर्यफुलात न्यायला तो तांबडं फुटताच टेम्पो घेऊन आलेला.

“ज्वारी वाऱ्यावर फळते. मध नाहीच तिला! रोज दुपारी बघतो, एक माशी नसते. त्या अडाणी थेरड्याचं ऐकून पेट्या इथं ठेवल्या न् बुडालो.”

अडाणी थेरडा म्हणजे मी. माझ्याच रानाच्या बांधावर बसलो होतो.

“खरंय,” बाबा म्हणाले. “मध नाही.”

चेला फुगला.

“उपाशी आलास. खाऊन जा.”

बाबांनी वाटीभर मध पुढं ठेवला.

चार बोटं चाटली. पाचव्याला त्यानं वाटी मागं सारली.

“बाबा... भाकरी?”

“कशाची?”

“ज्वारीची. दुसरी कशाची?”

“तिच्यात मध कुठंय?”

तेवढ्यात ऊन कणसांवर आलं न् सगळं रान घुमायला लागलं!

चेला धावत सुटला. कणसाकणसाला माशा! मागच्या पायांना मोहरीएवढे पिवळे गोळे!

“बाबा, पराग! नुसता पराग!”

“माशांच्या पोरांची भाकरी ती! दुपारी येत होतास. तोवर पंगत उठलेली असते.”

त्यानं एकामागून एक पेट्या उघडल्या. महिन्यापूर्वी कोरड्या पडलेल्या पोळ्याच्या घरांत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

“पोरं! बाबा, पोरं धरलीत! पाचही जगतील!”

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

“जा रे, रिकामाच जा!” चेला नाचत ओरडला. मग धावत येऊन बाबांच्या पायांवर पडला.

बाबांनी पाय आखडून घेतले. बांधाकडं बोट केलं.

“भाकरी ज्याची, पाय त्याचे धर.” अजून धरले नाहीत त्यानं, त्या रंभाजी घोलपानं.