शेवटची पिशवी

एकदा एका शिष्याच्या हातून एक बाळंतीण गेली, आणि त्या पठ्ठ्याला त्याचा पत्ताही नव्हता. ऋत्विज त्याचं नाव. एका रक्तपेढीसाठी त्याने मोबाइल ॲप लिहिलं होतं. त्या दिवशी ओ निगेटिव्ह रक्ताची शेवटची पिशवी एका अपघातग्रस्ताला दिली गेली. काउंटरच्या स्क्रीनवर साठा शून्य झाला. फोनवरच्या मागणीची स्क्रीन मात्र अजून एक पिशवी दाखवत राहिली. आता बोला! तो आकडा पाहून पेढीत फोनवरच्या मागण्या घेणाऱ्या जामदारबाईंनी तालुक्याच्या दवाखान्याला कळवलं, "आहे, न्यायला या." बाळंतिणीचा नवरा धावत आला. पिशवी नव्हती. दुसरीकडून रक्त मिळेतो उशीर झाला. ठपका बाईंवर आला आणि त्या निलंबित झाल्या.

"बाईंनी नीट पाहिलं नसणार," ऋत्विज आपल्या गुरूंना, उमाकांत सरांना म्हणाला. "माझ्या फोनवर सगळं व्यवस्थित चालतं."

सरांनी त्याचा प्रोग्राम उघडला आणि एकच ओळ बदलली. स्क्रीनभर लाल चुका उमटल्या, चांगल्या एकोणीस. ॲप बंद पडलं.

"अहो सर, हे काय केलंत? चांगलं चालतं ॲप मोडलंत!"

"मोडलं नाही रे. इतके दिवस मुकं होतं. वाच."

ऋत्विजने वाचलं. प्रत्येक लाल ओळीवर त्याने साठ्याची नवी प्रत बनवली होती. एकीने काय दिलं, ते दुसरीला ठाऊक नव्हतं. सातवी ओळ फोनवरच्या मागणीची होती. बाईंना दिसलेली पिशवी तिथूनच आली होती.

"पेढीत साठा एकच," सर म्हणाले, "मग तुझ्या ॲपमध्ये एकोणीस कसे? प्रोग्रामिंगमधल्या सिंगलटनची व्याख्या तुला तोंडपाठ आहे. जे एकच आहे, ते एकदाच निर्माण व्हावं आणि सर्वांनी त्यालाच विचारावं. हे माणसांच्या लक्षात राहण्यावर सोडायचं नसतं, दुसरं बनवण्याची वाटच बंद करायची असते. मी ती आत्ता केली. तुझं काम न तपासता पुढे पाठवलं, तेवढं पाप माझंही आहे."

"तासाभरात दुरुस्त करतो, सर."

"करशील. आणि जामदारबाई?"

ऋत्विजने पेढीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं: 'बाईंनी जे दिसलं तेच सांगितलं. चूक माझी आहे.'

सरांनी ते वाचलं. "आणि त्या बाळंतिणीच्या नवऱ्याला?"

"तिथे पत्र नाही चालायचं," ऋत्विज कसाबसा म्हणाला. "तिथे मलाच जायला हवं."

सर उठले आणि त्याच्याबरोबर निघाले.