काळोखाला गूळ-पाणी

एकदा काय झालं, एक राजा होता. लढाईत वाघ, पण काळोखाला घाबरायचा. कुणाला सांगायचा नाही, बरं का! नुसता हुकूम काढला, की राज्यात काळोख म्हणून दिसता कामा नये. मग गोठ्यात दिवा, कणगीत दिवा, पलंगाखालीसुद्धा दिवा.

काळोख बिचारा वणवण फिरला. बसायला कुठं जागाच नाही. राणी बकुळावती तेवढी पदर तोंडावर घेऊन पडली होती. तो हळूच पापण्यांच्या आत शिरला आणि तिच्या छातीत जाऊन बसला.

झालं! राणीला काही सुचेना. झोपाळ्यावर बसायची, उठायची. गजरा अर्धाच ओवायची, टाकायची. लेक रेवू फणी घेऊन यायची, "आई, वेणी घाल ना." राणी भिंतीकडं तोंड करायची. रेवू तशीच झिंज्या घेऊन फिरायची.

राजानं वैद्य आणला. काढा कडू, गुण शून्य. मग डोंबारी आणले. सगळे हसले, राणी रडली. मग राजानं आणखी शंभर दिवे लावले. राणी तर येरझाऱ्याच घालायला लागली.

एके दिवशी रेवूनं विचारलं, "आई, तुझ्यात कुणी आलंय का गं?"

"आलंय बाई कुणीतरी. जातच नाही."

"मग गूळ-पाणी दिलंस का?"

पोरीनंच गुळाचा खडा आणि तांब्या आणला. राणीनं गूळ खाल्ला, पाणी प्यायली आणि मनात म्हणाली, "कोण बाबा तू? का आलास?"

आतून आवाज आला, "मी काळोख. मला तरी कुठं करमतंय इथं? पण जाऊ कुठं?"

राणीला त्याची दयाच आली. तिनं गोठ्यातला दिवा मालवला. वासरू लगेच आईला टेकलं. मग कणगीतला मालवला. मग राजाच्या उशाशी आली. राजानं तिचा हात धरला.

"जाऊ नकोस हं."

"इथंच आहे."

फुंकर मारली. छातीतला काळोख खोलीभर पसरला, आणि राणीला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! राजा थरथरला, पण हात होता ना हातात. थोड्या वेळानं घोरायलाच लागला.

सकाळी राणीनं रेवूची घट्ट वेणी घातली. पुढंही काळोख अधूनमधून यायचा हं. राणी गूळ-पाणी द्यायची, तो घटकाभर बसायचा आणि जायचा. सगळी सुखानं राहिली.

चला, पाय आत घ्या. मी दिवा मालवते. तो केव्हाचा दाराशी ताटकळलाय, येऊ दे त्याला. भीती वाटली तर हा माझा हात.